अ‍ॅज दिसलं की सिमिली

फेब्रुवारीत दोन आठवडे वर्क फ्रॉम होम घेऊन गावी गेलो होतो. मालवणपासून बाराएक किलोमीटरवर आमचं घर. पुढे खाडी, मागे माड आणि मोबाईलला नीट रेंज फक्त ओटीच्या एका कोपऱ्यात. त्या कोपऱ्यासाठी माझं आणि भाचीचं रोज भांडण, कारण मला मीटिंग आणि तिला दहावी. एका संध्याकाळी तिने वहीच माझ्या हातात कोंबली. "मामा, माजी उजळणी घे. फिगर्स ऑफ स्पीच."

वहीत लाल पेनाने आखलेल्या चौकटी. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, अलिटरेशन, हायपरबोली, अनॉमाटोपिया. प्रत्येक चौकटीत एक व्याख्या, एक उदाहरण आणि हिरव्या पेनाने 'ट्रिक'. सिमिलीची ट्रिक: लाइक किंवा अ‍ॅज दिसलं की सिमिली. अलिटरेशनची: एकाच अक्षराने सुरू होणारे दोन-तीन शब्द जवळजवळ शोधा. पर्सॉनिफिकेशनची: झाड, वारा, चंद्र यातलं कोणी माणसासारखं काही करतंय का बघा.

मी सहज एक वाक्य टाकलं. 'अ‍ॅज इट वॉज रेनिंग, वुई स्टेड अ‍ॅट होम.'

"सिमिली." पापणीही लवली नाही.

"कोणाची तुलना कोणाशी केलीय?"

ती गप्प. पुन्हा वाक्य मनात म्हटलं, वहीकडे बघितलं आणि चिडून म्हणाली, "पण अ‍ॅज आसा ना त्येच्यात!"

हसू नका. ही मुलगी हुशार आहे, वर्गात पहिल्या तिनात असते. तिला जे शिकवलं ते तिने चोख केलं. शिकवलंच चुकीचं, त्याला ती काय करणार?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्या धंद्यात मजकुरातून ठरावीक नमुना शोधायला रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची एक जुनी सोय आहे. तिला अर्थ कळत नाही, कळायची गरजही नसते. 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' सापडलं की ती बोट दाखवते, बस. भाचीच्या हिरव्या ट्रिका मी दहा मिनिटांत कोडमध्ये लिहून दाखवल्या. पाच-सहा ओळी झाल्या. त्या कोडनेही पावसाच्या वाक्याला सिमिलीच म्हटलं. म्हणजे दहा वर्षं इंग्रजी शिकवून आपण एका पंधरा वर्षांच्या जिवंत मुलीला त्या पाच ओळींच्या पातळीवर आणून ठेवलं, आणि वर सांगितलं, हे अचूक कर, तुला गुण मिळतील.

मिळतातही. सध्याच्या दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाला पाच गुण आहेत. कवितेचं नाव अर्धा, कवीचं नाव अर्धा, यमकाची रचना एक, अलंकार एक, मध्यवर्ती कल्पना दोन. रसग्रहण! चव घेण्याचं काम, आणि त्याची अशी रेशनच्या दुकानातल्यासारखी मापं. कविता आवडली का, कुठे अडलीस, कुठला शब्द रात्री आठवला, याला जागाच नाही. कविता न वाचता, गाइडातला तक्ता पाठ करून पाचपैकी साडेचार काढता येतात. मी काढले आहेत. कुठल्या कवितेवर, ते आज आठवत नाही.

२०१२ साली कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं तेव्हापासून दहावीच्या निकालात आम्ही राज्यात पहिले. दरवर्षी पेपरात बातमी येते, दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर अभिमान उसळतो. माझाही उसळायचा. आता त्या बातमीखाली मला एक प्रश्न लिहावासा वाटतो: या सगळ्या पास झालेल्यांपैकी किती जणांना इंग्रजीत कोणाचं तरी मन वळवता येतं? दुकानदाराचं, बँकेतल्या माणसाचं, इंटरव्ह्यू घेणाऱ्याचं? भाषेचा निकाल तिथे लागतो.

कोणी म्हणेल, परकी भाषा आहे, एवढं चालायचंच. मग आपल्या भाषेचं काय केलंय ते बघू. मराठीच्या तासाला आम्हाला उत्प्रेक्षा कशी शिकवली? 'जणू, जणूकाय, गमे, वाटे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. तीच ट्रिक, फक्त शब्द बदलले. गंमत म्हणजे उपमा आणि सिमिली ही एकाच गावची माणसं आहेत, हे मला शाळेत कोणीही सांगितलं नाही. सकाळी दुसऱ्या तासाला उपमा, दुपारी पाचव्या तासाला सिमिली. दोन वह्या, दोन गाइडं, आणि एकीची दुसरीला ओळख नाही. दोन्हीकडे गुण पूर्ण.

आता ओटीवरून बाजारात चला.

मालवणच्या मासळी बाजारात माझ्या आईने एकदा बांगड्याला नाक मुरडलं. समोरची बाई टोपलीतला एक बांगडा शेपटीला धरून उचलत म्हणाली, "बघ तरी! दर्यो सुटलो म्हणान अजून तेका ठावक नाय." दर्या सुटलाय हे त्या माशाला अजून माहीतच नाही. एका वाक्यात मासा माणूस झाला, अतिशयोक्ती झाली, आणि ताजेपणाचा दावा 'ताजा' हा शब्द न उच्चारता केला गेला. आईने दोन वाटे घेतले. माझी आजी रुसलेल्या पोराला म्हणायची, "तोंड कसला सुक्या बांगड्यासारख्या करून बसलंस?" यात 'सारख्या' आहे म्हणून ती उपमा नव्हे. सुका बांगडा ज्याने बघितलाय, त्याला ते आवळलेलं, वाकडं, खारट तोंड डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून ती उपमा. रुसलेलं पोर हसायचं. भाषेने काम केलं.

आणि गाराणं! जत्रेला, शिमग्याला, घरातल्या कुठल्याही मोठ्या कामाआधी देवापुढे घातलेलं गाराणं ज्याने ऐकलंय, त्याला 'पर्सुएसिव्ह टेक्निक्स'ची यादी हातात घेताना थोडं हसू यायला हवं. गाराणं घालणारा माणूस आधी ऐकणाऱ्याला त्याच्या सगळ्या अधिकारांनिशी हाक मारतो: बारा गावचा, बारा वहिवाटीचा. मग आठवण करून देतो की आजवर तूच सांभाळलंस. मग चूक आधीच कबूल करतो: लेकरांच्या हातून काही वाकडं-नाकडं झालं असेल तर पदरात घे. मग मागणं, आणि शेवटी व्यवहार, अमुक झालं की तमुक करू. प्रत्येक वाक्याच्या शेवटी सगळी माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" म्हणजे मुख्य मागणं येईपर्यंत पंधरा-वीस वेळा होकार मिळून गेलेला असतो. विक्रीचं ट्रेनिंग देणारे लोक हीच युक्ती प्रोजेक्टरवर दाखवून पैसे घेतात. आमच्याकडे ती लहान मूल आईच्या कडेवर बसून ऐकतं.

रात्रभर चालणाऱ्या दशावतारात तर लिखित संहिताच नसते. कथा ठरलेली, पण राजा आणि राक्षस एकमेकांना काय बोलतील ते आयत्या वेळी, रंगमंचावर, समोरच्याचं वाक्य पडल्यावर. 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' आणखी वेगळं काय असतं? ही मुलं असे वाद ऐकत, मांडीवर पेंगत मोठी होतात आणि दहावीत काउंटरव्ह्यूसाठी गाइडातून 'मोबाईल: शाप की वरदान' पाठ करतात.

अलंकारांच्या याद्या ज्यांनी पहिल्यांदा केल्या त्यांना हे बघून काय वाटलं असतं? भरताच्या नाट्यशास्त्रात फक्त चार अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. ते पुस्तक नाटक करणाऱ्यांसाठी होतं. पुढे पंडित नावं वाढवत गेले, अप्पय्य दीक्षितांपर्यंत यादी शंभरावर पोचली. तिकडे अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याच्या कलेवर लिहिलं ते सभेत आणि न्यायालयात उभं राहून बोलाव्या लागणाऱ्या लोकांना धरून. दोन्हीकडे आधी काम होतं, नावं मागून आली. सुताराच्या पोराला आधी रंधा हातात देतात, नाव आपोआप कळतं. आपण रंध्याचं चित्र काढून त्याखाली नाव लिहायला लावतो आणि लाकूड कधी दाखवतच नाही.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. अ‍ॅरिस्टॉटलचं 'पोएटिक्स' मराठीत आणलं विंदा करंदीकरांनी. 'किंग लिअर' आणि 'फाउस्ट'ही. जन्म आमच्याच देवगड तालुक्यातला, नोकरी मुंबईत इंग्रजी शिकवण्याची, कविता मराठीत, पुढे ज्ञानपीठ. त्या 'पोएटिक्स'मध्ये अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की रूपक साधणं ही दुसऱ्याकडून शिकता न येणारी गोष्ट आहे, ते प्रतिभेचं लक्षण. 'ऱ्हेटरिक'मध्ये मात्र तोच सांगतो की बोलताना सगळेच लोक रूपकं वापरतात. मला दुसरा अ‍ॅरिस्टॉटल जास्त पटतो, आमच्या बाजारात चार पावलं फिरलेल्या माणसासारखा वाटतो. सांगायचा मुद्दा असा, की दोन भाषांमधला हा पूल आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने बांधून ठेवलाय. आमच्या शाळेत विंदा मराठीच्या पुस्तकात होते. इंग्रजीच्या तासाला त्यांना कोणी बोलावलं नाही.

याची किंमत काय पडते, ते माझ्यावरून सांगतो.

२००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. मी त्या नव्या व्यवस्थेतलाच. बारावीपर्यंत बारा वर्षं, मग इंजिनिअरिंगची चार. पुण्यात नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी मला आमच्या सिस्टिममध्ये एक भोक सापडलं. ठरावीक परिस्थितीत ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकत होते. मी चार पानांचं डॉक्युमेंट लिहिलं. व्याख्या, मुद्दे, उपमुद्दे, तक्ता. सुरुवात 'आय वुड लाइक टू ब्रिंग टू युअर काइंड नोटिस'ने, शाळेत अर्ज लिहिताना शिकलेली. कोणी शेवटपर्यंत वाचलं नाही. मीटिंगमध्ये मला विचारलं, "सो व्हॉट इज द आस्क?" आणि मला एका वाक्यात मागता आलं नाही. तीन महिन्यांनी नागपूरच्या एका सहकाऱ्याने तोच मुद्दा अर्ध्या पानात मांडला. पहिलं वाक्य असं: एक तारखेला पगार झालेल्या माणसाचं घरभाडं दोनदा कापलं गेलं, तर दोन तारखेला तो काय करेल? त्याच आठवड्यात काम मंजूर झालं. त्याचं इंग्रजी माझ्याहून बरं नव्हतं. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. पण तो माणसांशी बोलत होता, मी तपासनीसाशी.

मला राग आला तो नंतर, गाराणं आठवल्यावर. आधी आठवण, मग कबुली, मग मागणं, हे मला येत होतं. लहानपणापासून येत होतं. इंग्रजीत शिरताना ते चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवायचं असतं, असं मला वाटत होतं.

असं वाटायला लावलं गेलं होतं, हेही लिहितो. वर्गात मालवणी शब्द तोंडातून गेला की 'शुद्ध बोल'. टीव्हीवर मालवणी माणूस आला की प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतात. गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी पाच हजारांवर प्रयोगांपर्यंत आणि लंडनपर्यंत नेलं, त्याचा मला अभिमानच आहे. पण त्याची नक्कल करणाऱ्यांनी मालवणीला फक्त विनोदाची नोकरी देऊन टाकली. मालवणीत वाद घालता येतो, हिशोब मागता येतो, हे आमच्या पोरांनाच आता खरं वाटत नाही.

शब्दसंग्रहाचं तर विचारूच नका. भाचीच्या वहीत 'मीडो', 'मेपल', 'स्लेज' होते, अर्थांसह पाठ. मी विचारलं, बांगड्याला इंग्रजीत काय म्हणतात? येईना. मलाही 'मॅकरेल' कळला तो पुण्यातल्या एका हॉटेलच्या मेनूकार्डावर, बाविसाव्या वर्षी. ज्या माशावर घर चाललं तो शब्द नाही आणि ज्या गाडीवर सात पिढ्यांत कोणी बसणार नाही तिचं स्पेलिंग तोंडपाठ!

हा विनोद इथपर्यंतच. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला, तो प्रश्न अजून धुमसतो. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. रापण ओढणारे आणि पारंपरिक गिलनेटवाले अजून तक्रार करतात की रात्री समुद्रात उजेड दिसतो. यात अभ्यास आहेत, अहवाल आहेत, नियम आहेत, आणि त्यातलं बरंच मूळ इंग्रजीत. आता सांगा, रापणीवर जाणाऱ्या माणसाच्या मुलीला इंग्रजीत पंचाऐंशी गुण आहेत. ती तो अहवाल उघडून बापाला सांगू शकते का, की इथे आकडा दिलाय पण इथे नुसता शब्दांचा फुलोरा आहे? 'शाश्वत विकास' म्हणताना लिहिणाऱ्याने नक्की काय लपवलं? मन वळवण्याची तंत्रं शिकायची ती स्वतःला बोलता यावं म्हणून, आणि दुसरा आपल्यावर ती वापरतोय हे ओळखता यावं म्हणूनही. पर्ससीनवाल्याची बाजू आणि रापणकऱ्याची बाजू, दोन्ही इंग्रजीत लिहा. हा व्ह्यू-काउंटरव्ह्यू एकदा तरी पेपरात येऊ द्या. वर्गात दोन्हीकडची पोरं बसलेली असतात. भांडण होईल. होऊ दे.

शिक्षकांची बाजू मला माहीत आहे. वर्गात साठ मुलं, डोक्यावर निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं, आणि पेपर तपासताना सगळ्यांना एकच मापदंड हवा. अलंकार ओळखला की एक गुण, यात वाद नाही. मुलाने स्वतः केलेल्या उपमेला गुण किती द्यायचे? कठीण आहे, मान्य. पण पत्राला, भाषणाला, गोष्टीला आपण गुण देतोच ना? आणि वीस गुण अंतर्गत आहेत, ते शाळेच्याच हातात. त्यातल्या पाचांसाठी एखादं गाराणं इंग्रजीत घालायला सांगायला मंत्रालयातून जीआर यायची गरज नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा: एवढा मालवणीचा पुळका, तर इंग्रजी हवंच कशाला? मला इंग्रजी हवं आहे. ज्याचं घर इंग्रजीवर चालतं त्याने गावातल्या पोरांना मातृभाषेचे गोडवे सांगू नयेत, हा ढोंगीपणा मी पुण्यात भरपूर बघितलाय. भाचीला माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी यावं, म्हणून तर ही कटकट. आणि अलंकार नुसते ओळखणं, रसग्रहणाचा तक्ता भरणं, ही कामं आता फुकटातलं चॅटजीपीटी चार सेकंदांत करतं. ज्या कामाला आता मजुरीही मिळणार नाही, त्याची आपण दहा वर्षं तालीम घेतोय.

त्या संध्याकाळी उजळणी अर्धवट राहिली, कारण भावोजी जाळं घेऊन ओटीवर आले आणि भाचीने वही मिटली. तिला अकरावीला कुडाळला जायचंय, तिथल्या मावशीकडे राहून. भावोजींचं म्हणणं, मालवणात कॉलेज नाही काय? चार दिवस घरात हाच विषय होता. ती त्यांच्या समोर बसली, जाळ्याचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षी तुमी जाळा बदललात, तेवा माका इचारल्यात? नाय. कित्याक? तुमका दर्यो म्हायत म्हणान. तसो माका माजो अभ्यास म्हायत." भावोजी खाली बघत सुतळी ओढत राहिले. तिने आवाज खाली आणला. "शनिवारी रात्री येतलंय. आयतवारी जाळी शिवूक बसतलंय तुमच्यावांगडा. आता बसलंय तशी."

भावोजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघूया." आमच्या घरात 'बघूया' म्हणजे हो.

ते हात-पाय धुवायला गेल्यावर मी वही पुन्हा उघडली. शेवटच्या पानावर सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली यादी होती: ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन, अ‍ॅनालॉजी, कन्सेशन, इमोटिव्ह अपील. "यातलं आत्ता काय काय केलंस?" मी विचारलं. तिला आधी कळलंच नाही. मग एकेकावर बोट ठेवत गेली आणि तिसऱ्यावर थांबून माझ्याकडे बघत राहिली.

आम्ही ते सगळं इंग्रजीत उतरवायला बसलो. जाळ्याचं वाक्य लगेच जमलं. 'तुमका दर्यो म्हायत' ला तिने 'यू नो द सी' केलं, ते मला मूळच्याइतकंच आवडलं. मग तिला हुरूप आला आणि गाराणं घेऊया म्हणाली. 'व्हय म्हाराजा'वर गाडी अडली. 'येस माय लॉर्ड' म्हटलं की कोर्ट उभं राहतं. 'येस सर' म्हणजे हजेरी. 'सो बी इट' मी सुचवलं, तिला ते मेलेलं वाटलं. तिने स्वतः दोन-तीन केले, खोडले. आईने आतून जेवायला हाक मारली, तिने "इलंय" म्हणून पुन्हा एक लिहिला.

जेवून आल्यावर तिने ते पान बाजूला ठेवलं आणि यमकाच्या रचना पाठ करायला घेतल्या. ए-ए-बी-बी, ए-बी-ए-बी. पेपर नऊ दिवसांवर होता.